परबकाकूंचा पंप

दम लागलेला माणूस मेडिकलच्या दुकानात शिरतो तेव्हा तो काही मागत नाही. दोन्ही हात काउंटरच्या काचेवर टेकतो, खांदे कानाशी आणतो आणि नुसता आपल्याकडे बघतो. ते बघणं मला अजून सहन होत नाही. नाहूर स्टेशनजवळच्या एका दुकानात मी तीसेक वर्षं फार्मासिस्ट म्हणून उभी राहिले. उभीच म्हणते, कारण आमच्या शेठनी स्टूल आणलं ते माझे गुडघे कामातून गेल्यावर. तापाची, शुगरची, प्रेशरची माणसं रोज यायची आणि मला त्यांची काळजी वाटायची. दम्याच्या माणसांची मात्र सरळ सरळ भीती वाटायची. बाकीचे आजार तुम्हाला विचार करायला वेळ देतात. हा देत नाही. समोरचा माणूस बोलता बोलता एका शब्दावर अडतो आणि पुढचा शब्द येतच नाही.

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "सुजाताताई, तुमच्या दुकानातल्या गमतीजमती लिहा. दिवाळी अंक आहे, लोकांना हसायला आवडतं." गमती आहेत की. एक घाटकोपरचे आजोबा सुनेकडे राहायला आले होते. त्यांना दम्याच्या पावडरची कॅप्सूल दिलेली. ती एका छोट्या यंत्रात घालून ओढायची असते. आजोबा ती रोज सकाळी दुधाबरोबर गिळत होते. महिन्यानं आले आणि म्हणाले, "पोट झकास साफ होतं हो, पण दम काही कमी नाही." दुसरा एक पहिलवान गडी बनियन वर करून छातीवर पंप मारायचा, कंबरदुखीचा स्प्रे मारतात तसा. एक आई यायची. लग्नाच्या मुलीचा पंप काळ्या पिशवीत घालून घ्यायची आणि इकडे तिकडे बघत म्हणायची, "मॅडम, कुणाला बोलू नका हं, स्थळं बघतोय." या गोष्टी मी बायकांच्या ग्रुपमध्ये सांगते तेव्हा सगळ्या हसतात. सांगताना मीही हसते. पण लिहायला बसले की आठवतात ते परब काका आणि काकू, आणि त्यात हसण्यासारखं फार कमी आहे.

ज्यांच्या घरात दमा नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगते. इन्हेलरला आमच्याकडे कोणी इन्हेलर म्हणत नाही, पंप म्हणतात. तो दिसतो एक, पण वस्तू दोन असतात. आत औषध आणि गॅस भरलेली धातूची छोटी बाटली, आणि बाहेर प्लास्टिकची डबी, जिचं तोंड आपण ओठात धरतो. बाटलीला खाली बारीक नळी असते. ती डबीच्या तळातल्या खोबणीत बसते. खोबणीला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. बाटली दाबली की त्या भोकातून एक फवारा निघतो, इतका बारीक की तो थेट फुप्फुसात जावा. सगळी करामत त्या भोकाची आणि त्या बसण्याची. औषध कितीही उंची असलं तरी ते तोंडातच सांडलं तर त्याचा उपयोग गुळण्या करण्याइतकाच.

म्हणून माझा एक नियम होता. पंप विकला की गिऱ्हाइकाला म्हणायचे, "घेऊन दाखवा." पुरुष दाखवायचे. बायका लाजायच्या. भर दुकानात आ वासायचा म्हणजे काय! पदर तोंडावर घ्यायच्या आणि "येतं हो मला" म्हणून निघायच्या. परबकाकू त्यातल्याच.

काकू मालवणकडच्या. लग्न होऊन भांडुपला आल्या, मग नाहूरला. काका मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. तो कारखाना कधीच बंद झाला, तिथे आता टॉवर आहे, आणि आजूबाजूला अजून टॉवरची कामं चालू आहेत, त्यांची धूळ काकूंच्या खिडकीत. मुलगी दहिसरला दिलेली. घरात दोघंच. काका माझ्या वडिलांच्या वयाचे नव्हते, पण वडिलांसारखेच होते. माझे वडीलही वाशीमकडून येऊन इथल्या कारखान्यात लागलेले. अशी माणसं एका गोष्टीवरून ओळखावी: बिघडलेली वस्तू फेकून द्यायची म्हटलं की त्यांना अपमान वाटतो. काकांनी आमच्या दुकानाचं शटर दुरुस्त केलं होतं, शेठचा टेबलफॅन केला होता, आणि माझ्या मिक्सरला कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचं भांडं बसवून दिलं होतं. ते भांडं अजून चालू आहे.

काकूंच्या पंपाची डबी वर्षानुवर्षं एकच होती. काकांनी तिच्या बुडाशी कडी घालून दिली होती आणि त्यात दोरा. पंप काकूंच्या गळ्यात असायचा. काकूंनी त्याला लोकरीची खोळ विणली होती, हिरवी, फक्त तोंड उघडं. टीव्हीला कव्हर, फ्रिजच्या हँडलला कव्हर, तसं पंपालाही. दर महिन्याला काका नवा पंप न्यायचे, त्यातली बाटली काढायचे आणि जुन्या डबीत बसवायचे. नवी डबी कपाटात जायची. कंपनी तीच, माप तेच, त्यामुळे त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी काकूंना एकच पंप दिलेला होता, रोजचाही तोच आणि दम लागला की घ्यायचाही तोच.

काकूंचा त्या कंपनीच्या नावावर विश्वास होता, आणि त्याला कारण होतं. त्या लहान असताना त्यांच्या भावाला दमा होता. गावात कोणी तरी वैद्य सुट्या पांढऱ्या गोळ्या कागदात बांधून द्यायचा. गोळ्यांना नाव नाही, गाव नाही. एकदा होडीतून मोठ्या दवाखान्यात नेत होते. होडी पलीकडे लागण्याआधी भाऊ गेला. काकू होडीतच होत्या. "तेव्हापासून नाव वाचल्याशिवाय मी गोळी तोंडात घालूची नाय," असं त्यांनी मला एकदा दुकानात सांगितलं होतं. हसत नव्हत्या.

त्यांच्या पंपाचा खर्च काकांना झेपेनासा झाला, हे काकांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते बोलायचे नाहीत. मग छातीच्या डॉक्टरांनीच सुचवलं की जेनेरिक घ्या, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहिलं. काका चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, खरं सांगा. तेच औषध?"

मी म्हटलं, "तेच. नावाजलेली कंपनी जाहिरात करते, खोकं रंगवते, त्याचे पैसे आपण देतो. आतलं औषध तेच."

"मग फरक काहीच नाय?"

"चव जरा वेगळी लागेल. आणि एक, काका. या पंपाची बाटली याच्याच डबीतून घ्यायची. जुन्या डबीत घालायची नाही. प्रत्येकाची नळी वेगळी असते."

काकांनी मान डोलावली. आता विचार करते तर वाटतं, ज्यानं आयुष्यभर एका मशीनचा भाग दुसऱ्या मशीनला बसवला त्याला मी हे सांगत होते. मी विचारलं, "काकू तयार आहेत ना?"

"आहे, आहे. मी समजावलंय तिला."

मला बरं वाटलं. फार्मासिस्टला दिवसभरात अभिमान वाटावा असे प्रसंग थोडे. एका घरावरचं ओझं उतरलं आणि त्यात आपला हात आहे, असं वाटून मी खुशीत होते.

पुढच्या काही आठवड्यांत काका दोनदा खोकल्याचं औषध घेऊन गेले. मग वाफेचं मशीन भाड्यानं मिळतं का विचारून गेले. मी विचारलं, "काकूंना बरं नाही का?" म्हणाले, "धूळ किती आहे बघताय ना." धूळ होतीच. मग डॉक्टरांची नवी चिठ्ठी आली, पंप जास्त वेळा घ्या म्हणून. मी म्हटलं, काकूंना दुकानात आणा, मी बघते कसा घेतात ते. काका म्हणाले, "डॉक्टरांसमोर घेऊन दाखवला तिनं. एकदम बरोबर घेतला म्हणाले." माझ्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. जेनेरिक मी दिलंय.

तो काळ मला नको वाटतो आठवायला. तोच पंप मी आणखी बऱ्याच जणांना दिला होता. भांडुपचा एक रिक्षावाला, शाळेतल्या एक बाई, बाजारातली कोळीण. बाटल्यांच्या त्या गठ्ठ्यातच काही खोट असली तर? औषध कमी भरलं असलं तर? माझ्या सांगण्यावरून ही सगळी माणसं छातीत वारा ओढून घेत असतील आणि त्यांना वाटत असेल की औषध घेतलं. मी एकेकाला विचारायला लागले. "बरं वाटतंय ना? नक्की ना? रात्री झोप लागते ना?" रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, एकदम मक्खन. का, काय लोचा आहे काय?" शाळेतल्या बाईंना तर मी इतक्यांदा विचारलं की त्या घाबरल्या आणि पंप परत करून जुन्या कंपनीचा घेऊन गेल्या. शेठनी कपाळाला हात लावला. आमचे शेठ कच्छी, माणूस भला, पण धंदा म्हणजे धंदा. "मॅडम, असं विचारून विचारून तुमी सगळ्यांना आजारी पाडनार. दुकानाची वाट लावाल."

शेठ बरोबर बोलत होते. बाकी सगळे ठीक होते. मग एकट्या काकूंनाच का? हा प्रश्न मला घरी भाजी चिरतानाही सोडत नव्हता.

एके दिवशी काका आले आणि त्यांनी जुन्या कंपनीचाच पंप मागितला. मी काही न विचारता दिला. मनात म्हटलं, सुटले. आता काकू बऱ्या होतील, आणि मग मी जेनेरिकवाल्यांशी भांडेन. पण आठवडा गेला आणि काका पुन्हा काउंटरशी आले. दाढी वाढलेली. हा माणूस कारखाना बंद झाल्यावरही रोज दाढी करून बाहेर पडायचा. त्यांनी दुकान रिकामं होईपर्यंत वाट बघितली.

"मॅडम, एक विचारू? एकदा हलकं औषध पोटात गेलं की मग चांगलं लागू पडत नाही, असं असतं का?"

"असं काही नसतं, काका."

"मग जुना पंप सुरू केला तरी फरक का पडत नाय? म्हणजे ते हलकं औषध छातीत काहीतरी बिघडवून ठेवतं का? कायमचं?"

मी त्यांना दहा कारणं सांगितली, धूळ, हवा, वय. एकाही कारणावर माझा स्वतःचा विश्वास नव्हता. जेनेरिकनं फरक पडला नाही, जुन्यानं पडत नाही, डॉक्टरांच्या वाढवलेल्या डोसानं पडत नाही. म्हणजे आजारच हाताबाहेर गेला. काकाही हेच समजले होते. त्यांच्या मनात त्याच्याही पुढचं काही होतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी, ऐन दुपारी, दुकानात गर्दी नसताना काका आले. पायात चप्पल नव्हती. "मॅडम, चला," एवढंच म्हणाले.

शेठनी काही विचारलं नाही. "तुमी जा. ॲम्ब्युलन्स मी बोलावतो," म्हणाले आणि फोन उचलला. मी समोरच्या खणातून हाताला लागला तो पंप उचलला आणि स्पेसर उचलला. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं, त्यात फवारा मारला की दम लागलेला माणूस आपल्या गतीनं ओढू शकतो. कुठला पंप उचलला ते मी बघितलंच नाही. काकांची बिल्डिंग मागच्याच गल्लीत. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी कशी चढले ते माझे गुडघेच जाणोत.

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. ओठ जांभळट. छाती वाजत होती, पण तो आवाजही आता बारीक होत चालला होता, आणि दम्यात आवाज बारीक होणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे मला माहीत होतं. मी घाबरले. इतकी घाबरले की क्षणभर मला वाटलं परत जिना उतरून पळून जावं, डॉक्टर येतील, ॲम्ब्युलन्स येईल, मी साधी दुकानातली बाई, मी इथे काय करतेय.

काकूंच्या हातात हिरव्या खोळीतला पंप होता. त्या दाबत होत्या, ओढत होत्या, पुन्हा दाबत होत्या. अंगठ्यात जोर उरला नव्हता. मी म्हटलं, "थांबा, मी दाबते," आणि त्यांच्या हातावर हात ठेवून दाबलं.

माझ्या तळव्याला गार लागलं.

गार आणि ओलसर. मी पुन्हा दाबलं. पुन्हा लोकरीतून गार वाफ माझ्या तळव्यावर आली. काकूंच्या तोंडात काहीच जात नव्हतं, किंवा जवळजवळ काहीच नाही. सगळं औषध वरून, बाटलीच्या बाजूनं निसटून लोकरीत जिरत होतं. इतके दिवस ही बाई आपल्या खोळीला औषध पाजत होती.

तो पंप मी त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि माझ्या हातातला स्पेसरला जोडला. तेव्हा मला दिसलं की मी उचललाय तो जेनेरिकचा पंप. काकूंनाही दिसलं. अनोळखी रंगाची डबी, अनोळखी नाव. त्यांनी ओठ घट्ट मिटले. श्वास येत नसताना माणूस तोंड मिटू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं. मान नाही नाही म्हणून हलवत होत्या.

"माका... नको... ह्या..."

"काकू, हेच औषध आहे. घ्या, माझं ऐका."

मान हलतच होती. डोळ्यांत पाणी. त्या खोलीत नव्हत्याच, त्या होडीत होत्या, हे मला कळत होतं आणि माझ्याकडे समजावायला वेळ नव्हता. काका भिंतीला टेकून उभे होते. मी ओरडले, "काका, सांगा ना त्यांना काहीतरी!"

काका पुढे आले आणि काकूंसमोर खाली लादीवर बसले.

"शालू, आयक माझा. मागचो आख्खो म्हयनो तू ह्याच औषध घेतलंस. मीच तुझ्या डबयेत भरून दिलंय. तुका सांगलंय नाय."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. ते बघणं मी लिहू शकत नाही. मला वाटलं, संपलं. आता ही बाई कुणाच्याच हातून काही घेणार नाही. खाली रस्त्यावर कुठल्या तरी टॉवरच्या कामाचा ठोका चालू होता आणि ॲम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता.

मग काकांनी माझ्या हातातून स्पेसर घेतला. त्यांनी ते नळकांडं काकूंच्या ओठांशी धरलं आणि तसेच थांबले, जबरदस्ती केली नाही. काकूंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मी दाबलं. "ओढा. हळू. अजून." एक फवारा, मग काही श्वास, मग पुन्हा. मी त्यांच्या गळ्याखालच्या खड्ड्याकडे बघत होते. कितीतरी वेळ तो तसाच आत जात होता. मग केव्हातरी जरा कमी आत गेला. मग छाती पुन्हा जोरात वाजायला लागली, आणि तो कर्कश आवाज ऐकून मला रडू फुटलं. वाजतेय म्हणजे हवा जातेय. तेवढ्यात खाली ॲम्ब्युलन्स आली.

काकू दवाखान्यात राहिल्या आणि वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आम्हीही करायला लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी मी काकांसमोर ती हिरवी खोळ कात्रीनं उसवली आणि डबी खिडकीशी धरून बघितली. तळातली खोबण मोठी केलेली होती. काम इतकं सुबक की कडेला एक ओरखडा नाही. काका म्हणाले, "जेनेरिकची नळी जाड होती. बसेना. मग बारीक कानस फिरवली, वर पॉलिश पेपर मारला. मॅडम, हलत नव्हती हो बाटली. घट्ट बसली होती."

बसली असेल. पण गॅसला केसाएवढी फट पुरते, आणि काकांच्या हाताला ती फट कळणारी नव्हती. नंतर त्यांनी त्याच डबीत जुन्या कंपनीची बाटली घातली. तिची नळी तर आणखी बारीक, ती अजूनच गळली. म्हणून जुनं औषधही लागू पडेना. औषध दोन्ही वेळी चांगलं होतं. हे मी काकांना समजावून सांगितलं. सांगताना माझ्या मनात काय आलं तेही लिहून टाकते: रिक्षावाला वाचला, कोळीण वाचली, माझं औषध खोटं नव्हतं. समोर माणूस मोडून पडलाय आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं.

काका म्हणाले, "मला वाटलं औषधच तसलं. रोज वाटायचं, आज सांगीन. पण सांगितलं तर ती भीतीनंच जाईल असं वाटायचं. मग जुना आणला. तरी तिचं वाढतच गेलं. बाजूला बसून आवाज ऐकत राहायचो मी, मॅडम. म्हणायचो, हे आपण केलं." आणि बनियनला चेहरा पुसून ते खिडकीबाहेर बघत बसले.

काकू दवाखान्यात सगळ्यांशी बोलल्या. नर्सशी, माझ्याशी, दहिसरहून आलेल्या मुलीशी. काकांशी एक शब्द नाही. त्यांनी आणलेली पेज खायच्या, वाटी परत द्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. मुलगी मला बाहेर येऊन म्हणाली, "आई बाबांना माफ नाही करायची, मावशी. मला भीती वाटते, बाबाच जातील आधी." मलाही तीच भीती वाटत होती. घरी आल्यावर काकांनी कानशींचा आख्खा डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. नव्या पंपाला दोरा बांधायलासुद्धा ते तयार नव्हते. म्हणाले, "मी हात लावणार नाय."

पुढच्या महिन्यात पंप न्यायला काका आले नाहीत. काकू स्वतः आल्या, जिना उतरून, हळूहळू. काका रस्त्यापलीकडे रसवंतीच्या सावलीत उभे राहिले, दुकानाची पायरी चढले नाहीत. काकूंनी जेनेरिकचाच पंप मागितला. डबीवरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, मग भर दुकानात आ वासून मला घेऊन दाखवला. शेठ दुसरीकडे बघत होते.

मी हिय्या करून विचारलं, "काकू, काकांशी बोलता का आता?"

"काय बोलूचा गो सुजाता." त्यांनी पंप पिशवीत टाकला. मग काचेवर कोपर टेकून आवाज खाली आणला. "दुपारची मी पडते ना जरा. आधी छाती वाजायची माझी, बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जायचं. आता वाजत नाय. तर ह्यांना भय वाटतं. हळूच येतात आणि माझ्या नाकाशी बोट धरून बसतात."

"आणि तुम्ही?"

"मी जागीच असते. पण डोळे उघडत नाय. उघडले तर लाजतील, परत येऊचे नाय." रस्त्यापलीकडे काका आमच्याकडेच बघत होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "श्वास मात्र जरा जोरात सोडते. बोटाला लागेल इतका."